पाटी मागितली, पण मोजली नाही

सीमाभागातील माणसाला पाट्या वाचण्याची खोड असते. परगावी उतरल्यावर तो आधी पाटीकडे पाहतो आणि मनाशी एकच प्रश्न विचारतो : आपली भाषा हिच्यावर आहे की नाही? बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वाढलेल्या माझ्या पिढीच्या तर ही सवय हाडीमाशी खिळलेली आहे. मराठी फलकांसाठी आम्ही अर्ज लिहिले, निवेदने दिली, सभा घेतल्या. या सर्व वर्षांत माझ्या वहीत पाट्यांची नोंद दोनच रकान्यांत होत असे : ‘आहे’ आणि ‘नाही’. तिसराही रकाना असू शकतो, हे मला साठी उलटल्यावर कळले. आणि तेही आमच्याच चुकीमुळे.

आमच्या वाचनालयाची जुनी, हाताने रंगवलेली पाटी उन्हापावसाने विटली होती. नव्या पाटीचा मजकूर ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. मी संस्थेचे संपूर्ण नाव लिहिले. त्याखाली स्थापनेचे वर्ष, नोंदणी क्रमांक, बोधवाक्य, उघडण्याची वेळ आणि देणगीदारांची नावे घातली. कोपऱ्यात सरस्वती आणि मागे उगवत्या सूर्याची लाल-केशरी आभा. फ्लेक्सच्या दुकानातील मुलाने हे सारे दहा फुटांत नीट बसवून दिले. उद्घाटनाला टाळ्या झाल्या. दोन दिवसांनी थोरल्या बहिणीचा फोन आला. “अरे, वाचनालय हलवलंत की काय? जाता-येता दोन्ही वेळा बसमधून डोकावले, पाटीच दिसली नाही.”

पाटी जागेवर होती, शुद्ध मराठीत होती. फक्त ती वाचता येत नव्हती.

जुनी पाटी रंगवणारे पेंटर रोज सकाळी आमच्याकडे कन्नड वर्तमानपत्र वाचायला येत. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे काम जवळजवळ थांबले होते. मी त्यांना नव्या पाटीबद्दल विचारले. ते भिडस्त गृहस्थ, आधी हसले आणि मग म्हणाले, “सर, तुम्ही शब्द मोजलासा. जागा न्हाई मोजलासा.” कन्नड मातृभाषेच्या माणसाने मराठी अक्षरांविषयी मला दिलेला तो पहिला धडा. त्याचा अर्थ पुरता समजायला मात्र आणखी एक निमित्त घडावे लागले.

पुण्यात ग्राफिक डिझाइन शिकणारी माझी पुतणी दिवाळीला घरी आली होती. तिला ही हकिकत मी गंमत म्हणून सांगितली. ती हसली नाही. “काका, हे वाचा,” म्हणून तिने एक जाडजूड पुस्तक माझ्यासमोर ठेवले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी १९७० साली तयार झालेली चिन्हफलकांची ती मानक-पुस्तिका होती. मासिमो विग्नेली आणि बॉब नूर्डा हे तिचे कर्ते. तिची एक मूळ प्रत २०१२ साली न्यूयॉर्कमधील एका डिझाइन कंपनीच्या तळघरात सापडली आणि पुढे लोकवर्गणीतून तिचे पुनर्मुद्रण झाले. रेल्वेच्या पाट्या कशा कराव्यात याचे नियम लोक पदरचे पैसे घालून विकत घेतात, याचेच मला आधी नवल वाटले. चार दिवसांत ते ओसरले.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे मूळची तीन निरनिराळ्या व्यवस्थांची. १९४० मध्ये त्या एका छत्राखाली आल्या, पण पाट्या जिच्या तिच्या राहिल्या. कुठे भिंतीतील मोझाइक, कुठे मुलामा दिलेला पत्रा, कुठे हाताने रंगवलेली सूचना. माहितीची वाण नव्हती. उलट ती इतकी विखुरलेली होती की प्रवासी गोंधळून जाई. विग्नेली आणि नूर्डा यांनी प्रथम स्थानकांतील माणसांचा ओघ अभ्यासला. माणूस कोठून शिरतो, कोठे थबकतो, कोणत्या वळणावर त्याला ‘इकडे की तिकडे’ हे ठरवावे लागते, हे पाहिले. त्यातून पुस्तिकेचे मुख्य सूत्र निघाले : ज्या ठिकाणी निर्णय घ्यायचा, त्याच ठिकाणी त्या निर्णयापुरती माहिती द्यावी, आधी नाही, नंतरही नाही.

हे वाचले आणि आमची पाटी डोळ्यांपुढे उभी राहिली. बसमधून जाणाऱ्या माणसाला एवढेच हवे होते की येथे वाचनालय आहे. आम्ही त्याला नोंदणी क्रमांक सांगत होतो. देणगीदारांची नावे दाराच्या आत, भिंतीवर, थांबून वाचणाऱ्यासाठी असायला हवी होती. डिझाइनच्या भाषेत याला उतरंड म्हणतात. सर्वांत महत्त्वाचे ते सर्वांत मोठे, त्याखालचे त्याहून लहान. आणि ज्याचे येथे कामच नाही, त्याला येथून रजा. सगळेच मोठे केले की काहीच मोठे राहत नाही.

दुसरा धडा ब्रिटनच्या रस्त्यांवरील फलकांनी दिला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तेथे द्रुतगती मार्ग होऊ लागले आणि जुन्या पाट्या वेगाने जाणाऱ्या चालकाच्या कामाच्या उरल्या नाहीत. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या जोडीने आधी या मार्गांसाठी, आणि १९६३ च्या वॉरबॉइज समितीच्या अहवालानंतर देशभरच्या रस्त्यांसाठी नवी व्यवस्था उभी केली. गावांची नावे तोवर बहुधा इंग्रजीच्या मोठ्या लिपीत, म्हणजे सगळी अक्षरे सारख्या उंचीची, अशी लिहिली जात. या दोघांनी पहिले अक्षर मोठे आणि बाकीची लहान, अशी पद्धत घेतली. लहान लिपीत काही अक्षरे वर डोके काढतात, काही खाली पाय सोडतात. त्यामुळे शब्दाला स्वतःची बाह्यरेषा मिळते आणि डोळा अक्षरे सुटी न वाचता तो आकार ओळखतो, असा त्यामागचा विचार होता. दोन अक्षरांमधील अंतरही त्यांनी कारागिराच्या मर्जीवर सोडले नाही. प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची चौकट दिली. चौकटीला चौकट लावली की अंतर आपोआप बरोबर येई. फलकावरील इतर मापे अक्षराच्या रेघेच्या जाडीच्या पटीत ठरवली.

येथे मी थांबलो, कारण प्रश्न आपल्या लिपीकडे वळला. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, पण शब्दाचा आकार आहे. शिरोरेषा शब्दाला एका दोरीत ओवते. वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. हा वरचा-खालचा पसारा हेच आपल्या शब्दाचे ओळखपत्र. आता तीन भाषांच्या पाटीचा विचार करा. पाटीचे तीन सारखे पट्टे पाडले. इंग्रजीची मोठी अक्षरे आपला पट्टा वरपासून खालपर्यंत भरतात, कारण त्यांना वरही काही नाही आणि खालीही काही नाही. देवनागरीला त्याच पट्ट्यात वेलांटीसाठी वर आणि उकारासाठी खाली जागा सोडावी लागते. मधले अक्षराचे अंग तेवढे लहान होते. पट्टे सारखे, पण अक्षरे सारखी नाहीत. मी वर्षानुवर्षे अशा पाट्यांसमोर ‘आहे’ लिहून समाधानाने पुढे गेलो होतो.

याहून मोठा धक्का पुढे होता. कन्नडचीही हीच गत होते. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, ज्याला ते ओत्तक्षर म्हणतात, अक्षराच्या खाली लटकतो. त्यालाही तळाशी जागा लागते. म्हणजे इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांच्या मापाने पट्टे पाडलेल्या पाटीवर मराठी आणि कन्नड दोघीही सारख्याच आखडून बसतात. ज्या दोन भाषांना आपण पाटीसाठी समोरासमोर उभे केले, त्यांची तक्रार एकच होती. ती त्या पेंटरांना ठाऊक होती, कारण त्यांनी दोन्ही लिप्या शिडीवर उभे राहून रंगवल्या होत्या.

मराठीच्या काही गरजा मात्र तिच्या एकटीच्या आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्याला’ दक्षिणा द्यायची आणि ‘आचाऱ्याला’ मजुरी. हा फरक एका छोट्या अर्ध्या ‘र’ने पेललेला आहे. संगणकावरील अक्षरवळणात तो नसला, किंवा टंकणाऱ्याला त्याची कळ सापडली नाही, तर ‘पायऱ्या’च्या जागी ‘पायर्या’ छापले जाते. पाटी मराठीत असते, पण शब्द मराठी राहत नाही. देठाचा ‘श’ आणि पाकळ्यांचा ‘ल’ यांचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ही मराठी वळणे मान्य केलेली असतानाही हाताशी असलेले हिंदी वळणच सर्रास वापरले जाते. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. तेथे भोवतालची लिपीही देवनागरीच आहे. अशा ठिकाणी ‘ळ’, अर्धा ‘र’ आणि ही दोन अक्षरे एवढीच मराठीची दिसणारी खूण उरते. वडोदऱ्याची अडचण निराळी. गुजरातीला शिरोरेषा नाही. तिच्याशेजारी त्याच मापाची देवनागरी लिहिली तर शिरोरेषेची आडवी रेघ ओळ जड करते, आणि दोन्ही भाषा समतोल दिसाव्यात म्हणून मापे वेगवेगळी घ्यावी लागतात.

भाषेचा मान आणि पाटीची मांडणी यांचा संबंध आपल्यालाच लागलेला आहे असे नाही. वेल्समध्ये साठ-सत्तरच्या दशकांत तरुणांनी केवळ इंग्रजी असलेल्या पाट्या रंगवून टाकल्या, उखडल्या, त्यासाठी तुरुंगवासही पत्करला. १९७२ मध्ये बोवेन समितीने द्विभाषिक फलकांची शिफारस केली आणि वेल्श वर असावी असेही सुचवले. द्वैभाषिकता स्वीकारली गेली. वरच्या जागेचा नियम येण्यास २०१६ उजाडले. आयर्लंडमध्ये आयरिश नाव वर, पण तिरप्या वळणात, आणि इंग्रजी नाव खाली, ठसठशीत मोठ्या अक्षरांत. जागा एकीला, जोर दुसरीला. आमच्या वहीत या दोन्ही देशांसमोर ‘आहे’ एवढेच पडले असते.

वेल्समधील एक हकिकत मात्र मी सभेत हमखास सांगतो. २००८ साली स्वानसी शहरात अवजड वाहनांना मनाई करणारा द्विभाषिक फलक लागला. भाषांतरासाठी पाठवलेल्या इंग्रजी मजकुराला भाषांतरकाराच्या ई-मेलवरून जे वेल्श उत्तर आले, तेच फलकावर छापले गेले. ते उत्तर स्वयंचलित होते : मी सध्या कार्यालयात नाही, काम असल्यास पाठवून द्यावे. फलकावर वेल्श होती, शुद्ध होती, मापातही होती. परंतु तो तयार होऊन उभा राहीपर्यंत ज्यांच्या हातांतून गेला, त्यांत तो वाचणारा कोणी नव्हता. सभेत या ठिकाणी लोक हसतात. मग मी त्यांना आमच्या वाचनालयाची पाटी सांगतो. आमच्याकडे तर वाचणारेच सारे होते.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही फ्लेक्स उतरवला आणि पेंटरांना बोलावले. रेल्वे स्थानकासारखी पिवळी भूमी, काळी अक्षरे. ‘वाचनालय’ हा शब्द सर्वांत मोठा, त्याखाली संस्थेचे नाव, त्याखाली कन्नडमध्ये तेच. त्यांनी सुतळीला निळीचा रंग लावून रेघा पाडल्या. शिरोरेषेच्या वर वेलांटीसाठी आणि कन्नड ओळीच्या खाली ओत्तक्षरासाठी किती सोडायचे, हे त्यांनी बोटांनी मोजले. पुतणीने फोनवर पाठवलेल्या आकृतीशी ते माप जवळजवळ जुळले. चारही कडांना मोकळी जागा राहिली तेव्हा समितीतील एक सदस्य म्हणाले, “एवढी जागा वाया गेली.” पेंटर शिडीवरून म्हणाले, “त्याच जागेनं अक्षर दिसतंय, सर.”

बहिणीला मी मुद्दाम काही कळवले नाही. महिन्याभराने तिचाच फोन आला. “पाटी बदललीस वाटतं. वळणावरूनच दिसली.”

माझ्या वहीत आता तिसरा रकाना आहे. आपणही तो आखावा, अशी विनंती आहे. पाटीसमोर उभे राहून नव्हे, तर ज्याच्यासाठी ती लावली त्याच्या जागी, म्हणजे बसच्या खिडकीत, फलाटाच्या टोकाला किंवा रस्त्यापलीकडे उभे राहून पाहा. मराठी अक्षराचे अंग, वेलांटी-उकार वगळून, शेजारच्या इंग्रजी अक्षराच्या किती पट आहे ते मोजा. ‘ळ’, अर्धा ‘र’, ‘श’, ‘ल’ तपासा. आणि निवेदन लिहाल तेव्हा ‘मराठी फलक लावावा’ या वाक्यापुढे ही मापे जोडा. दुसऱ्या भाषेचेही माप त्याच कागदावर लिहा. ते लिहिल्याने आपली मागणी उणावत नाही, असा माझा अनुभव आहे.