पिंपातला हापूस

मंगळवारी सकाळी स्टँडअप मीटिंग चालू असताना आईचा फोटो आला. खाली एकच ओळ : "हे काय झालं रे?"

फोटोत आमचा हापूस. रविवारी मंडणगडहून पुण्याला निघताना हिरवागार होता. आता पानं भाजल्यासारखी तपकिरी आणि मोहोर काळा पडून लोंबतोय.

हापूस पिंपात का, तर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं आणि मंडणगड-दापोलीतल्या बागा झोपवून गेलं. आमच्या परड्यातलं आबांचं जुनं कलमही आडवं झालं. थोडी मुळं जमिनीत होती, तेवढ्यावर ते काही दिवस हिरवं राहिलं. तेवढ्यात आबांनी त्याच्या काड्या कापून नुकत्याच रुजलेल्या कोयींवर बांधल्या. कोय कलम. आठांपैकी एक जगलं. जमीन सामाईक, वाटण्या व्हायच्या होत्या. आबा म्हणाले, "तोवर पिंपात राहू दे." वाटण्या झाल्या नाहीत, आबा गेले. यंदा झाडाला पहिल्यांदा मोहोर आला होता.

फोटो पाहून पहिलं नाव डोक्यात आलं ते काकांचं. आदल्याच आठवड्यात त्यांनी गडग्यापलीकडे तणनाशक मारलं होतं आणि वाटणीवरून आमचं बोलणं बंद होतं. मी त्यांना मेसेज टाइपही केला. पाठवला नाही. शुक्रवारी रात्रीची एसटी धरली.

बग शोधताना मी पहिला प्रश्न विचारतो : शेवटचं काय बदललं? शनिवारी उजाडल्यावर झाडासमोर बसून तोच विचारला.

तणनाशक वाऱ्याने आलं असतं, तर गडग्याकडच्या पानांवर आधी डाग पडले असते. तिथे एकही नव्हता. मधली तुळसही टवटवीत. डाग होते ओटीच्या बाजूला, पानांवर थेंब ओघळून टोकाशी साचले होते नेमके तिथे. ओटीवर पंप घेऊन कोण उभा होता? मी.

मोहोरावर भुरी दिसली म्हणून शनिवारी गंधक फवारलं, तेही भर दुपारी. रविवारी तुडतुडे दिसले म्हणून कडुनिंबाचं तेल. ३२ अंशांच्या वर गंधक पान भाजू शकतं आणि तेलाबरोबर ते आणखी आत शिरतं. दोन्हींत किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे असतात. हे मी नंतर वाचलं.

पण खालच्या जून पानांच्या कडा चहूबाजूंनी करपल्या होत्या. माझा फवारा एकाच बाजूने होता, म्हणजे हे मुळांकडून आलेलं. माती उकरली. मिश्र खताचे दाणे अजून तसेच. 'फळं धरतील' म्हणून निघताना दोन ओंजळी टाकल्या होत्या. जमिनीत मुळांना पसरायला जागा असते, पिंपात नसते. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही. माती ओली आणि झाड तहानलेलं.

दोन दिवसांत तीन बदल, एकही न तपासता. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला झापलं असतं.

"साल नखाने खरवडून बघ," गडग्यापलीकडून आवाज आला. काका किती वेळ उभे होते कोण जाणे.

खरवडली. आत हिरवं होतं.

"जिवंत आहे. पाणी सोड, खालून वाहू दे."

खालून वाहीना. पिंपाचं भोक बुजलेलं. काका गडगा ओलांडून आले, कोयत्याच्या टोकाने भोक मोकळं केलं. मी खताचे दाणे वेचले, पिंप काठोकाठ भरलं, निथळू दिलं, पुन्हा भरलं. असं तीनदा. करपलेली पानं खुडायला गेलो तर म्हणाले, "राहू दे. अर्ध्या हिरव्या पानावरही झाड जगतं."

मोहोर गेला. यंदा फळ नाही. एप्रिलअखेर आईचा फोटो आला : शेंड्याला तांबूस पालवी.

तो मेसेज मी त्याच दिवशी पुसला. काकांना सांगितलेलं नाही. वाटण्या अजून व्हायच्या आहेत, झाड अजून पिंपातच आहे. पण हल्ली औषध मारायच्या आधी मी त्यांना पानाचा फोटो पाठवतो. बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : "ऊन उतरू दे."