प्लगचा रंग
पद्मिनी गाडी बनायची कुर्ल्याला, पण तिचं मूळ सोलापुरात. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी करणारे वालचंद हिराचंद सोलापूरचेच. फियाटची ११०० गाडी सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली आणि त्यातली एक उस्मानाबादच्या एका वकिलांच्या दारात आली.

त्यांच्या मुलाला गाडी चालवायला मिळण्याआधी स्पार्क प्लग घासायला मिळाले. इंजिन गार असताना वडील चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडत. क्रम बदललेला त्यांना खपत नसे. कोणत्या सिलिंडरचा प्लग काय सांगतोय हेच कळलं नाही, तर साफ करून उपयोग काय? टोकाला फिकट तपकिरी रंग आला की सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा चोक अडकलाय. तेलकट, ओला काळेपणा दिसला की रिंगा गेल्याची शंका, म्हणजे मोठा खर्च. पांढराफटक प्लग मात्र वडिलांना सगळ्यात नकोसा, कारण तो जास्त तापतोय.

मग पेट्रोलमध्ये बुडवलेला ब्रश, पॉलिश पेपरचा हलका हात आणि गॅप. पॉइंट-कॉइलच्या गाडीला साधारण ०.६ मिलिमीटर, फिलर गेजची पाती सरकताना किंचित अडली पाहिजे. गॅप कमी करायची तर फक्त बाहेरची पट्टी हळू ठोकायची. मधल्या कांडीवर जोर दिला तर चिनीमाती तडकते. बसवताना आधी बोटांनी फिरवायचा, पाना शेवटी. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग तिरका शिरला की आटे गेलेच.

गाडी मुलाकडे आली, तेव्हा निवडीचा प्रश्न त्याच्यापुढे आला. घरात कायम मायकोचे प्लग. बंगळूरची ही कंपनी १९५१ची, बॉशच्या घराण्यातली. २००८मध्ये तिचं नावही बॉश झालं. जुन्या प्लगवरचा १७५ हा उष्णतेच्या ग्रेडचा आकडा नव्या क्रमवारीत ७ होतो आणि इथेच गिऱ्हाईक गोंधळतं. जुन्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशच्या नव्या पद्धतीत उलट, एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये पुन्हा मोठा तो थंड. थंड प्लग उष्णता झटकन हेडला देतो. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. ८५०च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटू शकतं. बाजार ते कोर्ट एवढंच फिरणारी गाडी काजळी धरते आणि तीच उन्हाळ्यात माणसं भरून तुळजापूरचा घाट चढते. म्हणून गाडीच्या पुस्तकातला ग्रेड आणि आट्यांची लांबी सोडायची नाही, हे त्याचं ठाम मत. लांब आट्याचा प्लग पिस्टनला भिडू शकतो. महागडा इरिडियम प्लग घेण्यापेक्षा पॉइंट आणि कंडेन्सर धड ठेवावेत, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि ते पटण्यासारखं आहे.

अलीकडे त्याचे प्लग पांढरट निघू लागले. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आसपासच्या शेतांतल्या उसासारख्याच उसाचं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन, त्यामुळे कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून मिश्रण पातळ पडतं. त्याने प्लगचा ग्रेड बदलला नाही. कार्बोरेटरला एक नंबर मोठा जेट लावला आणि पेट्रोलचे जुने रबरी पाइप काढून टाकले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून असा जेट मिळवायला चार ठिकाणी फोन करावे लागतात. प्लग मात्र सोलापुरात मिळतो.