दळण आदल्या रात्री

आमच्या पोलादपूरकडं घराघरांतली जाती आता पडवीत पडून आहेत. आईच्या ओव्या तेवढ्या मोबाईलात राहिल्या. ती गेली त्या वर्षी गणपतीला मुंबईकर मंडळी आली, तेव्हा त्या टीव्हीवर लावल्या. दर दोन शब्दांनी चित्र अडे, ओवी तुटे. बहिणीला ते ऐकवेना.

पुतण्याचा रास्पबेरी पाय, पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, वायफायवरून टीव्हीला व्हिडिओ पुरवतो. संशय आधी वायफायवर. पण त्याच वायफायवर, त्याच पायमधून मोबाईलवर ओवी अखंड चालली.

पुतण्या म्हणाला, "काका, मोबाईल एच.२६५ मध्ये साठवतो, आपल्या जुन्या टीव्हीला एच.२६४च समजतं. पाय बिचारा चालता चालता बदलून देतोय. ८० अंशांवर तापला की मंदावतो."

म्हटलं, "मग पंगत बसल्यावर दळायला कशाला बसवतोस? आदल्या रात्री दळून ठेव."

रात्रभर बदलायला लावलं. सकाळी टीव्हीनं नवी फाईल जशीच्या तशी घेतली. पायला नुसतं वाढायचं काम.

मूळ फाईल मात्र मी पुसू दिली नाही. बदलताना थोडं काहीतरी गळतंच, आणि पिठाची पुन्हा नाचणी होत नाही. बियाणं वेगळं ठेवावं.