ओढ आणि दाब

मालिशमध्ये हात खाली दाबतो. कपिंगमध्ये नेमकं उलटं होतं: कातडी आणि तिच्याखालचे थर वर ओढले जातात. कुठल्या पाठीला दाब हवा, कुठल्या पाठीला ओढ, आणि किती वेळ, हे ठरवण्यातच माझा दिवस जातो. साधनं मोजकी आहेत. जाड काठाचे काचेचे कप, चिमट्यात धरलेला कापसाचा बोळा, स्पिरिट, तिळाचं तेल. पेटता बोळा कपाच्या पोटात क्षणभर फिरवायचा, बाहेर काढायचा आणि कप लगेच पाठीवर टेकवायचा. आतली तापलेली हवा निवताना आकसते, कपातला दाब उतरतो आणि कातडी फुगून वर येते. बघणाऱ्याला वाटतं, आगीतच काही करामत आहे. आग फक्त हवा तापवते. तेच काम हातपंपाचे प्लास्टिकचे कपही करतात. मी काच वापरतो, कारण तिची ओढ सगळीकडून सारखी बसते आणि काठ अंगाला टोचत नाही.

यातलं खरं कसब बारीकसारीक गोष्टींत आहे. बोळा नीट पिळून घ्यावा लागतो. स्पिरिटचा पेटता थेंब पाठीवर पडला तर उपचार राहतो बाजूला आणि भाजल्याचं मलम लावावं लागतं. ज्योत कपाच्या तळाकडे ठेवायची, काठ तापू द्यायचा नाही. केसाळ पाठीवर कप धरत नाही, हवा आत शिरते. तिथे तेल जास्त लागतं. काढताना कप कधीही उपटायचा नाही. काठालगतची कातडी बोटाने दाबायची, हवा आत जाते आणि कप आपोआप सुटतो. शिवाय ज्योत टिकावी म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. लखनौच्या जून महिन्यात बंद पंख्याखाली पालथं पडून राहणाऱ्या माणसाला खरोखरच दुखत असतं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

मी मूळचा जळगावकडचा. फिजिओथेरपी शिकलो, पुढे ॲक्युपंक्चर, आणि त्याच्या जोडीने तुइना म्हणजे चिनी मालिश आणि कपिंग. बायकोच्या नोकरीपायी लखनौला आलो आणि चारबागेत, नाका हिंडोल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत दवाखाना थाटला. चारबागला स्टेशनं दोन, शेजारी शेजारी. घुमट आणि छत्र्यांचं, 1914 साली पायाभरणी झालेलं उत्तर रेल्वेचं चारबाग, आणि त्याला लागून पूर्वोत्तर रेल्वेचं लखनौ जंक्शन, जिथून मुंबईची पुष्पक एक्सप्रेस सुटते. जवळच इंजिनांचा रेल्वे कारखाना. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या पाठी बहुतेक रेल्वेच्याच. कारखान्यातले फिटर, रनिंग रूममधून थेट येणारे लोको पायलट, आणि सगळ्यांत जास्त लाल सदऱ्यातले, दंडावर पितळी बिल्ला बांधलेले हमाल.

हमालाच्या मानेबद्दल बाहेरच्यांचा एक गैरसमज असतो. चुंबळीवर नीट तोललेलं ओझं सरळ मणक्यातून खाली उतरतं. ते वाहताना त्याला तेवढं दुखत नाही. दुखणं येतं ते ओझं डोक्यावर चढवताना आणि उतरवताना, आणि डोक्यावर दोन बॅगा असताना तिसरी एकाच खांद्याला अडकवून पुलाच्या पायऱ्या चढताना. खांद्यापासून मानेपर्यंत जाणारा स्नायू कायमचा आखडलेला, खवाट्याच्या आतल्या कडेला गाठी, आणि सकाळी मान एका बाजूला वळेनाशी झालेली. आपण त्याला उसण भरली म्हणतो. इथला हमाल म्हणतो, "डॉक्टर साहब, नस चढ़ गई है।"

अशा माणसाला आत येताच कप लावला की तो खूश होतो. मी आधी हात लावतो. तुइना शिकणाऱ्याला सुरुवातीला माणसाचं अंग मिळतच नाही. कापडी पिशवीत तांदूळ भरून देतात आणि तिच्यावर तास न् तास हात घोटायला लावतात. विसाव्या शतकात शांघायच्या डिंग जिफेंग यांनी लोळत्या हाताची जी पद्धत रूढ केली, तिच्यात तळहात वापरत नाहीत. मुठीची करंगळीकडची मागची बाजू मनगटातून पुढेमागे लोळवायची असते. वजन खांद्यातून येतं, मनगट मोकळं राहतं. पिशवीतले तांदूळ दाबाने बाजूला सरकतात की दाबाखाली अडकून राहतात, हे हाताला कळायला लागलं की मग माणसाच्या पाठीवरही कळतं. खाली मांस सरकतंय की तटून बसलंय, माणूस श्वास सोडतोय की धरून ठेवतोय, ही माहिती कप देत नाही. ती हात देतो, आणि कप कुठे लावायचा हे तिच्यावरून ठरतं.

हे चिनी शिक्षण घेऊन मी लखनौत आलो आणि इथल्या लोकांनी मला एका वाक्यात आपलंसं करून टाकलं: "अच्छा, हिजामावाले हैं।" या शहराला कप नवा नाही. चौकाच्या बाजूला झवाई टोल्यात हकीम अब्दुल अज़ीज़ यांनी 1902 साली तकमील-उत-तिब या युनानी महाविद्यालयाची स्थापना केली. ते आजही चालू आहे. औषधाशिवायच्या उपचारांचा युनानीत स्वतंत्र विभाग आहे, इलाज-बित-तदबीर. त्यात हिजामा म्हणजे कपिंग, दल्क म्हणजे मालिश, शिवाय जळवा, हम्माम आणि व्यायाम. दल्कचं एक जुनं सूत्र आहे. ते हिपोक्रेटिसच्या परंपरेतून गॅलनकडे आणि तिथून इब्न सिनाच्या 'कानून'पर्यंत आलेलं आहे: जोरकस मालिश शरीर आवळते, हलकी सैल करते, फार वेळ केलेली झिजवते, बेताची भरून काढते. पेशंट जेव्हा "और ज़ोर से" म्हणतो तेव्हा मला हे हटकून आठवतं. आखडलेल्या स्नायूवर जोर केला की तो आणखी आखडतो. त्याला हळू हात हवा असतो, पण हळू हाताचे पैसे द्यायला माणूस सहसा नाखूश असतो.

आपल्याकडेही हे होतंच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, जळवांच्या तेराव्या अध्यायात, शिंग, जळू आणि भोपळा अशी तीन साधनं सांगितली आहेत: वातदूषित रक्तासाठी गाईचं शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी भोपळा. भोपळ्याच्या आत दिवा पेटता ठेवून ओढ निर्माण करायची, हेही तिथेच आहे. म्हणजे माझ्या चिमट्यातली ज्योत तेव्हाही होती. महाराष्ट्रात गावोगाव फिरणारे वैदू तुंबडी लावायचे, ती याच घराण्यातली. चीनमध्ये चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या लेखनात शिंगाच्या कपाचा उल्लेख येतो. पुढे बांबू आला, आणि काच तर अगदी अलीकडची. कोणी कोणाकडून घेतलं या वादात मला रस नाही. शिंग, भोपळा, बांबू आणि काच यांना जोडणारी गोष्ट एकच: दुखऱ्या जागेवरून काहीतरी उपसून बाहेर काढावं, ही माणसाची फार जुनी इच्छा.

चिनी उपचार म्हटलं की मराठी माणूस लगेच सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतो. पण 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेले कोटणीस शल्यचिकित्सक होते. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता 9 डिसेंबर 1942 रोजी ते तिथेच गेले. चिनी सुई भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी. ते पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते रुजवलं. कप मात्र कोणाला आणावा लागलाच नाही. तो इथे होताच.

बाहेर काढण्याच्या त्या इच्छेवरूनच माझी आणि पेशंटची सगळ्यांत जास्त वादावादी होते. वयस्कर गृहस्थ येतात, चांद्र महिन्याच्या 17, 19 किंवा 21 तारखेची वेळ मागतात, कारण हिजामासाठी त्या तारखा धर्मपरंपरेने उत्तम मानल्या आहेत. तारीख मी आनंदाने देतो. मग विचारतात, "ख़ून तो निकालेंगे न?" कातडीवर बारीक चिरा देऊन रक्त काढण्याचं काम मी करत नाही. त्यात निर्जंतुक ब्लेड, एकदाच वापरून फेकायचे कप, रक्तातून पसरणाऱ्या रोगांची काळजी, असं सगळं येतं. त्यासाठी शिकलेल्या हकिमाकडे जा, असं सांगतो. माझे कप कोरडे. तरीही कप काढल्यावर उठलेले जांभळे गोल बघून सोबतचा मुलगा म्हणतोच, "देखिए अब्बा, कितना गंदा ख़ून था।"

तो गोल म्हणजे काय, हे मी दर वेळी समजावतो. ओढीमुळे कातडीतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आसपास झिरपतं. ते बाहेर आलेलं नसतं, आतच असतं. काही दिवसांत शरीर ते शोषून घेतं आणि डाग फिका होत जातो. डाग किती गडद होणार हे ओढ किती, वेळ किती, जागा कोणती आणि कातडी कशी यावर ठरतं. चिनी परंपरेत गडद रंग म्हणजे तिथे रक्त साकळलंय असा अर्थ लावतात. मी ते शिकलो आहे आणि त्या परंपरेचा मान ठेवतो. पण तीच पाठ, तोच कप, पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं ठेवला तर रंग पालटतो, हे मी रोज बघतो. माझ्या हातच्या घड्याळावर जो रंग ठरतो, तो आजाराचं माप कसा होईल?

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर ते गोल जगाने पाहिले आणि तेव्हापासून जिममधली पोरंही येऊ लागली. त्यांना काही दुखत नसतं. त्यांना डाग हवे असतात, शक्यतो दोन्हीकडे सारखे. एकाने मला सरळ विचारलं, "सर, थोड़ा और डार्क नहीं होगा?" झालं असतं. कप आणखी थोडा वेळ ठेवला की झालं. या धंद्याचा सगळा मोह त्या आणखी थोड्या वेळात आहे: डाग गडद, गिऱ्हाईक खूश, फोटो चांगला. आणि कातडीवर पाण्याचे फोड.

म्हणून माझं माप वेगळं आहे आणि ते अगदी साधं आहे. कप लावण्याआधी हमालाला बसवतो आणि हनुवटी उजव्या खांद्याकडे न्यायला सांगतो, मग डाव्या. कुठे अडतं ते दोघंही बघतो. हात डोक्यावर सरळ न्यायला सांगतो, कारण ओझं चढवताना त्याला तीच हालचाल लागते. मग मालिश, मग कप. हाडकुळ्या पाठीला लहान कप, कारण खवाट्याच्या कडेवर मोठा बसत नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर तेल लावून कप हलका सरकवत न्यायचा. तिथे डाग जवळजवळ उठत नाही आणि आराम जास्त पडतो. शेवटी पुन्हा हनुवटी उजवीकडे, डावीकडे. मान आधीपेक्षा पुढे गेली तर काम झालं. नाही गेली, तर पाठीवर कितीही जांभळं दिसो, काम झालेलं नाही.

आणि काही पाठींवर कप लावायचाच नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा, शुगर फार वाढलेला, पिकलेल्या पानासारखी पातळ कातडी झालेला, पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असलेला. हातात मुंग्या येतात, पकड सुटते म्हणणारा तर आधी मणक्याच्या डॉक्टरकडे. कपामुळे मान आणि पाठीच्या दुखण्यात थोड्या काळाचा उतार पडतो असं दाखवणारे अभ्यास आहेत, पण ते फार भक्कम नाहीत, आणि त्याचं एक कारण गमतीचं आहे: गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते, तसा खोटा कप देणं अवघड. पाठ ओढली जातेय की नाही, हे माणसाला लगेच कळतं.

मग हमाल विचारतो तो प्रश्न उरतो: "कितने दिन चलेगा?" दोन दिवस, तीन दिवस. गाडी रोज येते, ओझं रोज असतं, आणि चाकांच्या बॅगा आल्यापासून त्याच्याकडे येतं ते मुख्यतः लोकांना ओढवत नाही ते जड सामान. त्याला विश्रांती घे म्हणणं म्हणजे उपाशी राहा म्हणणं. मी त्याचा आजार बरा करत नाही, कारण त्याचा आजार त्याचं काम आहे. मी त्याला दोन रात्रींची झोप आणि वळणारी मान देतो. सुरुवातीला मला हे उणेपणाचं वाटायचं. आता वाटत नाही, फक्त ते आहे तेवढंच सांगावं आणि तेवढ्याचेच पैसे घ्यावेत असं वाटतं.

त्या दोन दिवसांचा उपयोग कसा करायचा, हे मात्र शिकवता येतं. मी प्रत्येक हमालाला एक रबरी चेंडू घ्यायला सांगतो. पाठ भिंतीला लावायची, खवाटा आणि मणका यांच्यामधल्या जागेत चेंडू धरायचा, गुडघे किंचित वाकवून हळू वर-खाली व्हायचं, दुखेल तिथे थांबून श्वास सोडायचा. ओढ नाही, नुसता दाब, आणि तोही स्वतःच्या वजनाचा. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात प्लॅटफॉर्मच्या खांबाला टेकून ते जमतं. ज्यांना मी शिकवलं त्यांनी इतरांना शिकवलं, आणि आता कधीही माझ्या दवाखान्यात न आलेले हमालही चेंडू बाळगतात. त्यामुळे येणारे कमी झाले आहेत, हे खरं. जे येतात ते मात्र आल्या आल्या स्वतःच बसतात, मान दोन्हीकडे वळवून दाखवतात आणि नेमकी कुठे अडते ते सांगतात. पाठीवर डाग उठला की नाही, हे ते आता विचारत नाहीत.