सिलिंडरचा कोपरा

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला आणि स्वयंपाकघरातला सिलिंडरचा कोपरा रिकामा झाला. रिकामा कसला, उजाडच! शेजारची इमारत अगदी अंगावर आलेली, त्यामुळे तिथे दिवसाही अंधार. फरशीवर गंजाची दोन गोल वर्तुळं, भिंतीवर तेलकट डाग. येता-जाता नजर तिथेच जायची.

माझ्याकडे एक फळी होती. आमच्या वाड्यातली मंडळी हे वाचत असतील तर त्यांना आठवेल, चुलीशेजारच्या भिंतीवरची ती लांब, काळी फळी. सदाशिव पेठेतला वाडा पाडला तेव्हा तुळया-खांब विकले गेले, ही मात्र मी उगाचच उचलून आणली होती. कित्येक वर्षं ती कपाटामागे उभी होती. सुताराने रंधा मारला तर काजळीखालून सोन्यासारखं सागवान निघालं. रॉकेलची चिमणी ठेवून ठेवून पडलेला एक डाग होता, तो मी त्याला घासू दिला नाही. खालच्या कडेला पळ्या-झारे टांगायचे खिळे होते, तेही ठेवले. भिंतीला पांढरा रंग दिला, वर एक पिवळा दिवा लावला आणि कोपरा उजळला.

मग मला वेडच लागलं म्हणा ना! लागोपाठ चार रविवार जुन्या बाजारात गेले. धान्य मोजायचं चिपटं आणि मापटं मिळालं. (दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, तरी आमची आजी शेवटपर्यंत मापट्यानेच तांदूळ काढायची.) डालड्याचा पिवळा डबा मिळाला, त्यावरचं हिरवं झाड अजून शाबूत. चिनी मातीची बरणी मिळाली. शिवाय माळ्यावरच्या पोत्यातून घरचंच काही निघालं: फिरकीचा तांब्या, अडकित्ता, पितळी डबा आणि एक लहानसं फुलपात्र. सगळं चिंच-मिठाने घासून फळीवर मांडलं. फुलपात्रावर कुणाचं तरी नाव घातलेलं होतं, पण नुसती चकचकीत बाजू जास्त छान दिसते म्हणून नाव भिंतीकडे केलं. वाचलंही नाही नीट.

मागच्या महिन्यात आई पंधरा दिवस राहायला आली. मी मोठ्या उत्साहाने तिला कोपऱ्यात नेलं, दिवा लावला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे घासायचं कोण?"

मी हसले. ती हसली नाही.

"अगं, ह्या फळीखाली एकोणीस वर्षं धूर खाल्लाय मी," ती म्हणाली. "आधी चुलीचा, मग स्टोचा."

आमच्या घरात एक गोष्ट नेहमी हळहळून सांगितली जाते. १९७४ साली वाड्यातलं पितळ मोडीत दिलं आणि स्टील आणलं. केवढाली पातेली, केवढे हंडे, सगळं गेलं! मीसुद्धा ही गोष्ट अशीच सांगत आले आहे. त्या दिवशी आईला प्रथमच विचारलं, तुला काय वाटलं होतं?

"मला? सुटले असं वाटलं."

रोज दोन्ही वेळा चिंच आणि राख. हिवाळ्यात बोटांना भेगा, त्यात चिंच झोंबायची. कल्हईवाला दारात भाता लावायचा, नवसागर टाकून कथील फिरवायचा, तो पांढरा धूर आम्हा मुलांना जादूसारखा वाटायचा. पण कल्हई उडालेली असली आणि त्यात आमटी कळकली, तर दोष कल्हईचा नसायचा, सुनेचा असायचा. भांड्यांवर नावं कोणाची? सासऱ्यांची, चुलत सासऱ्यांची. घासणारीचं नाव कुठेच नाही.

एवढं बोलून तिने हात लांब केला आणि फुलपात्र फिरवून नाव पुढे आणलं.

ते तिचं नाव होतं. माहेरचं. मी ते आयुष्यात दोन-तीनदाच ऐकलं असेल. तिच्या आजीने ती शाळेत जायला लागली तेव्हा घालून दिलेलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि हे नाव संपलं. पितळ मोडीत निघालं त्या दिवशी तिने एवढं एकच भांडं बाजूला काढलं आणि ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवलं. पुढे घरं बदलताना ते पोत्यात कसं गेलं, तिलाही आठवत नाही. (नाव इथे लिहीत नाहीये. तिने नको म्हटलंय.)

आता फळीवर थोडे बदल केलेत. मापट्याने रोज तांदूळ काढते. बरणीत ह्या वर्षीचं लिंबाचं लोणचं आहे. तांबट आळीत चौकशी करून कल्हईवाला शोधला आणि पितळी डब्याला कल्हई करून आणली. नुसत्या शोभेचं आता फारसं काही उरलं नाही. फुलपात्र आईला न्यायचं होतं का, विचारलं. म्हणाली, "राहू दे इथेच. पण नाव पुढे ठेव. आणि घासताना अक्षरांवर जोर देऊ नको, झिजतात."

तर, घासायचं कोण ह्या प्रश्नाचं उत्तर: दर रविवारी मी. मोजून पाच पितळी वस्तू, वीस मिनिटं लागतात आणि मनगट दुखतं. एकदा मनातल्या मनात एकोणीस वर्षांचा हिशोब करायला घेतला होता. अर्ध्यात सोडून दिला.