यादीत नसलेली सून

१९६७च्या जनमत कौलाची आठवण म्हणून दर १६ जानेवारीला गोव्यात अस्मिताय दीस साजरा होतो आणि ऐंशी उलटलेल्या माझ्यासारखीला हटकून विचारलं जातं, "आजी, तुम्ही तेव्हा शिक्का कुठं मारला? फुलावर की दोन पानांवर?" फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे गोवा वेगळा केंद्रशासित प्रदेश. मी म्हणते, कुठेच नाही. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं, म्हातारी घाबरून घरी बसली असणार.

घाबरायचं काय त्यात? माझं नावच यादीत नव्हतं.

डिसेंबर १९६३ची पहिली विधानसभा निवडणूक माझी हुकली, कारण तेव्हा मतदानाचं वय २१ होतं आणि मी थोडी लहान पडले. पुढे माहेरी, पेडण्याला, नाव चढलं. १९६६च्या मे महिन्यात लग्न होऊन मी दक्षिणेकडे आले. रीतीप्रमाणे नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि माहेरची शांती सासरची सुलभा झाली. माहेरी यादी तपासायला माणूस आला तेव्हा वडिलांनी सरळ सांगितलं, मुलगी दिल्या घरी गेली. नाव कापलं गेलं. इथपर्यंत कुणाचंच चुकलं नाही.

सासऱ्यांनी श्रावणात माझा अर्ज भरला. घरात मला ज्या नावाने हाक मारत तेच लिहिलं. कचेरीतल्या कारकुनाने लग्नाचा दाखला मागितला. आमच्याकडे पोर्तुगीजांच्या काळापासून लग्नाची सरकारी नोंद करावीच लागते, आणि तिच्यात वधूचं नाव असतं माहेरचं. कारकुनाने दाखला आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवले. "ही शांती. मग सुलभा कोण?"

"हीच," सासरे म्हणाले.

"कशावरून?"

आता तांदळात लिहिलेलं नाव कुठून आणून दाखवायचं? ते तांदूळ केव्हाच शिजून पोटात गेले होते. मी म्हटलं, मग शांती म्हणूनच नोंदवा. त्यावर, शांती नावाची बाई या वाड्यावर राहते असं सांगणारा साक्षीदार आणा. शेजाऱ्याला नेलं. तो बिचारा देवभोळा, खोटं कसं बोलणार? म्हणाला, शांती म्हणून आमच्या वाड्यावर कोणी नाही, ही सुलभा. कारकुनाने पेनाला टोपण लावलं. शाळेच्या मस्टरवर मी शांती होते, सरकार दर महिन्याला शांतीलाच पगार देत होतं. तो कागद पुढे केला, तर तो राहण्याचा पुरावा नव्हे म्हणे. म्हणजे सरकारच्या एका टेबलावर मी पगार घेत होते आणि दुसऱ्या टेबलावर मी जन्मालाच आले नव्हते! पुन्हा गेलो तेव्हा साहेब रजेवर, त्यानंतर अर्जच सापडेना. नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसाला इतक्या वर्षांनी दोष देऊ नये, असं आमचे हे म्हणायचे. मी देते. यांचं नाव पहिल्याच यादीत होतं.

३ डिसेंबरला भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला, मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून. मग गावाला दुसरा विषयच उरला नाही. सासरे विलीनीकरणाच्या विरोधातलं 'राष्ट्रमत' वाचत आणि नवरा विलीनीकरणाच्या बाजूचा 'गोमन्तक', त्यामुळे एकाच ओसरीवर दोन गोवे बसलेले असत. मी सरकारी शाळेतली मास्तरीण, प्रचार करायचा नाही. पण मत कसं द्यायचं ते शिकवायला काय हरकत? संध्याकाळी वाड्यावरच्या बायका यायच्या. मी फळ्यावर खडूने एक फूल काढायची, शेजारी दोन पानं, आणि सांगायची, जे हवं त्यावर फुलीचा शिक्का मारायचा.

"बाये, चुकीचेर मारतात मगो फुली?" एकीने विचारलं, आणि मी गप्पच झाले. दिवसभर मीच तर पोरांच्या पाट्यांवर चुकलेल्या गणितावर फुली मारत होते. यांची पोरं त्या पाट्या घरी नेऊन दाखवत होती. बायकांनी फुलीचा अर्थ माझ्याकडूनच शिकला होता, आता तो उलटा कसा करायचा? कितीदा तरी घोकून घेतलं. सासूबाई मत देऊन आल्या आणि अभिमानाने म्हणाल्या, "फुलार मारली." हवं म्हणून की नको म्हणून, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

निकाल लागला. वेगळ्या गोव्याला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१चा. माझ्या एका मताने काही अडणार नव्हतं, हे मलाही कळतं. माझं मत फुलावर पडलं असतं. पेडण्याची मुलगी, मराठीवर वाढलेली, दुसरं काय करणार? आणि ३० मे १९८७ला गोवा घटक राज्य झाला तेव्हा शाळेत पेढे वाटणारीही मीच. मत मिळालं नाही ते एका अर्थी बरं झालं, असं कधी मनात येतं, आणि लगेच चीड येते. बरं झालं की वाईट, ते माझं मी ठरवलं असतं.

नाव बदलायच्या रीतीवर हल्ली मुली तोंडसुख घेतात. मला सुलभा आवडते, उगीच का खोटं बोलू? पण नातसुनेला मी आल्या आल्या बजावलं की घरात तुला काहीही म्हणोत, मतदारयादीत तुझ्या कागदांवरचंच नाव ठेव. पत्ता बदलला तर आता फॉर्म ८ भरायचा असतो, आणि तो घरबसल्या मोबाइलवरही भरता येतो. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींनो, निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. आणि अर्ज भरलात म्हणून निर्धास्तही राहू नका, नवी यादी निघाली की स्वतःच्या डोळ्यांनी नाव वाचा.