औत वळवावं तसं बोलणं वळवावं

मंडळी, इंग्रजी बोलायचं म्हटलं की आपल्या मुलांच्या पोटात गोळा येतो. शब्द येत नाहीत असं नाही. २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. अडतं ते एका विषयावरून दुसऱ्या विषयावर जाताना.

अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीच्या बागेत परदेशी पाहुणे आले होते. खात्याचा माणूस म्हणून मी बरोबर होतो. बागवानाचा मुलगा पदवीधर. पाहुणे फळाची चव वाखाणत होते, झाडं किती म्हणून विचारत होते. पोराच्या मनात मात्र २०१२ चा दुष्काळ होता. त्या वेळी जालना जिल्ह्यात कितीतरी बागा वाळून गेल्या. त्यांच्याही निम्म्या झाडांवर कुऱ्हाड चालली होती. ते कसं काढावं, हे त्याला सुचेना. शेवटी पाहुण्यांचं बोलणं मध्येच तोडून तो म्हणाला, "वॉटर प्रॉब्लेम!" पाहुण्यांनी लगबगीनं पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. सगळे हसले. तोही हसला, पण पुन्हा बोलला नाही. आणि मी, चार बुकं इंग्रजीतून शिकलेला, मलाही वेळेवर वाक्य सुचलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

तुम्ही कोळपं हाणता तेव्हा बैल कुठं वळवता? तास संपला की धुऱ्याशी. मध्येच वळवले तर पीक तुडवलं जातं. बोलण्याचंही तसंच आहे. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं, मग त्याच्याच एखाद्या शब्दाला धरून वळावं. फळांची गोष्ट चालली आहे ना? मग म्हणावं, "स्पीकिंग ऑफ फ्रूट", म्हणजे फळांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आणि दुष्काळाचं बोलावं. ऐकता ऐकता काही आठवलं तर "दॅट रिमाइंड्स मी". बोलणं भलतीकडे गेलं आणि मूळ मुद्द्यावर यायचं, तर "कमिंग बॅक टु" म्हणून मुद्द्याचं नाव घ्यावं.

दोन ठिकाणी जपावं. "बाय द वे" हे सहज आठवलेल्या किरकोळ गोष्टीसाठी. कर्जाची किंवा नोकरीची गोष्ट त्यानं सुरू केली, तर ऐकणारा तीही किरकोळ समजेल. "एनीवे" म्हणजे आपलं "ते असो". पण कुणी दुःख सांगत असताना ते म्हणू नये. फार कोरडं वाटतं.

हे शिकायला आपल्याला फार लांब जायला नको. समर्थ रामदास १६०८ साली आपल्याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मले. त्यांचा दासबोध हा गुरुशिष्यांचा संवाद. वीस दशक, दोनशे समास. एवढ्या पसाऱ्यात एक विषय मिटवून दुसरा काढताना ते "आतां असो" म्हणतात आणि पुढं जातात. पारावरची म्हातारी माणसंसुद्धा "बरं, ते जाऊ द्या" म्हणूनच नवी गोष्ट काढतात. म्हणजे रीत आपल्या रक्तातच आहे, इंग्रजी शब्द तेवढे नवे.

रात्री जेवणं झाली की मुलाला किंवा मुलीला समोर बसवा. पावसाचं बोलता बोलता त्यांना इंग्रजीतून शाळेवर यायला सांगा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी वळण नीट घेतलं की नाही, हे तुम्हाला बरोबर कळेल. उद्या मुलाखतीत पोराच्या मनातली गोष्ट मनातच राहायला नको.